पुडी ओढणारा आणि पुडी विकणारा: कायदा दोघांना एकाच मापानं मोजतो का?

ऑक्टोबर 2023 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडी ही नशेची पावडर बनवणारा कारखाना पोलिसांनी उघडकीला आणला. 'आपल्याकडं? सोलापुरात?' असंच त्या आठवड्यात जो तो म्हणत होता. चादर, टॉवेल, विडी आणि शेंगाचटणीचं गाव एकदम वेगळ्याच बातमीत आलं होतं. पुढं 2025 च्या सुरुवातीला तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण बाहेर पडलं. कोजागिरीला आपण ज्या वाटेनं चालत जातो, त्याच वाटेच्या टोकाला पुड्या विकल्या जात होत्या, हे ऐकून माणसं हादरली.

तेव्हापासून एक वाक्य मी रोज ऐकते: 'सगळ्यांना उचला आणि आत टाका.' राग समजण्यासारखा आहे. मी इथल्या कोर्टात वकिली करते आणि माझ्यासमोर येऊन बसतात ते बहुतेक त्या 'सगळ्यां'मधल्या शेवटच्या माणसाचे आईबाप. कारखानदार नाही, टेम्पोभर माल आणणारा नाही. ज्याच्या खिशात एक पुडी सापडली त्याचे. त्यांचे प्रश्न साधे असतात. पोराला दहा वर्षं लागणार का? त्याला दवाखान्यात न्यायचं की कोर्टात? आम्हीच पोलिसांना सांगितलं तर चालेल का? त्यांची उत्तरं इथं सोप्या भाषेत द्यायचा प्रयत्न करते.

आधी चार शब्द समजून घेऊ

अमली पदार्थांसाठी देशभर जो कायदा लागू आहे तो 1985 चा. त्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. गांजा, चरस, अफू, गर्द म्हणजे हेरॉईन, कोकेन, एमडी हे सगळं त्यात येतं. दारू येत नाही. दारूसाठी महाराष्ट्राचा वेगळा, 1949 चा दारूबंदी कायदा आहे. भांगही एनडीपीएसमध्ये येत नाही, कारण या कायद्यानं गांजाच्या झाडाचा फुलोरा धरला आहे आणि नुसती पानं सोडली आहेत. महाशिवरात्रीला भांग पिणारा आणि त्याच झाडाचा फुलोरा चिलमीत भरणारा, यांच्यामध्ये कायद्याची एवढी मोठी भिंत आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. ही पांढरी पावडर रसायनांपासून बनते, त्यासाठी शेत लागत नाही, शेड पुरते. म्हणूनच ती एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या युनिटमध्येही बनू शकते. 2015 पर्यंत ती या कायद्याच्या यादीतच नव्हती.

तिसरा शब्द 'अल्प मात्रा' आणि चौथा 'व्यापारी मात्रा'. सगळा खटला या दोन शब्दांवर उभा राहतो.

वजनकाटा काय सांगतो

2001 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा वजनावर ठरू लागली. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर अल्प मात्रा, 20 किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी. एमडीचं माप फार लहान आहे: 2 ग्रॅमपेक्षा कमी तर अल्प, 50 ग्रॅमपेक्षा जास्त तर व्यापारी. हेरॉईनला 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. 2 ग्रॅम म्हणजे चहात घालायचा अर्धा चमचा साखर, एवढं डोळ्यासमोर आणा.

अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा वर्षं आणि वर वीसपर्यंत, शिवाय किमान एक लाख दंड, आणि जामीन मिळणं महाकठीण. या दोन्हींच्या मधे जे पडेल त्याला दहा वर्षांपर्यंत. आणि सापडलं काहीच नाही, पण सेवन केल्याचं सिद्ध झालं, तर कलम 27: हेरॉईन-कोकेनसारख्याला एक वर्षापर्यंत, बाकीच्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.

म्हणजे 'दहा वर्षं लागणार का' याचं उत्तर, एका पुडीसाठी, नाही.

पण इथं एक मेख आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ठरवलं की भेसळ असेल तर शुद्ध अंमली पदार्थाचं नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. दुधात पाणी असलं तरी गवळी अख्ख्या लिटरचे पैसे घेतो, तसंच हे. पुडीत एक ग्रॅम एमडी आणि तीन ग्रॅम भलतीच पावडर असेल, तर काट्यावर चार ग्रॅम, आणि पोरगं अल्प मात्रेच्या बाहेर. भेसळ विकणाऱ्यानं केली, भोगायची घेणाऱ्यानं. मला स्वतःला हा नियम सेवन करणाऱ्यापुरता तरी अन्यायाचा वाटतो. पण आज कायदा हा आहे.

कायद्यात उपचाराचं दार आहे

बहुतेकांना हे माहीतच नाही. दोन कलमं लक्षात ठेवा: 39 आणि 64अ.

कलम 39 म्हणतं, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस दोषी ठरला, तरी न्यायालय त्याला लगेच तुरुंगात न धाडता, त्याच्या संमतीनं, सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात उपचारासाठी सोडू शकतं. त्याच्याकडून बंधपत्र लिहून घेतात. उपचाराचा अहवाल वर्षाच्या आत कोर्टात द्यायचा. तो समाधानकारक असेल, तर समज देऊन, पुढची काही वर्षं असा गुन्हा करणार नाही अशा हमीवर, त्याला सोडता येतं.

64अ त्याच्याही एक पाऊल पुढं जातं. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो म्हणाला आणि खरोखर घेतले, तर त्या आरोपावर त्याच्यावर खटलाच चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते.

हे वाचून माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही नवल वाटलं होतं. शिक्षेऐवजी उपचार हा विचार परदेशातून आता येणार आहे, असं आपण समजतो. तो आपल्याच कायद्याच्या पुस्तकात आहे.

मग दार उघडत का नाही?

कारण त्याच्या शेजारी दुसरं, जास्त सोपं दार आहे: गुन्हा कबूल करा, दंड भरा, घरी जा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शहराच्या पूर्व भागातली एक विडी कामगार आई, बावीस वर्षांचा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. त्याच्याकडे एक पुडी सापडली. तारखेच्या दिवशी ती बाकावर बसून हाताची बोटं चोळत होती; दोऱ्यानं बोटांना चरे पडलेले आणि तंबाखूचा वास पदरालासुद्धा. म्हणाली, 'वकीलबाई, एका तारखेला माझ्या हजार विड्या बुडतात. लवकर मिटवा.' मी तोच सल्ला दिला जो तेव्हा सगळेच देत होते. त्यानं गुन्हा कबूल केला, दंड झाला, दुपारी दोघं सिटी बसनं घरी गेले. मलाही हुश्श वाटलं.

पुढं त्यानं पुण्यात एका कंपनीत कामाला लागायचं ठरवलं. चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला गेला आणि तो दंड, जो आम्हाला सुटका वाटला होता, दोषसिद्धी म्हणून समोर आला. नोकरी गेली. पोरगं परत आलं, परत त्याच कट्ट्यावर, आणि काही महिन्यांत परत सापडलं. दुसऱ्यांदा दोषी ठरला की शिक्षा दीडपटीपर्यंत वाढू शकते.

या वेळी आईचं वाक्य वेगळं होतं. 'आत हाय तर निदान कुठं झोपलाय ते कळतंय. बाहेर आला की मी परत रात्रभर जागी.' हे वाक्य मी विसरू शकत नाही. तुरुंग ही तिच्या दृष्टीनं शिक्षा उरलीच नव्हती. गावात दुसरं काही नसल्यामुळं तुरुंगच तिला दवाखान्याच्या जागी दिसत होता.

दार न उघडण्याची बाकीची कारणंही साधी आहेत. अर्ज केला तर व्यसन आहे हे डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. दवाखान्यात जागा हवी. उपचार चालू असल्याचा अहवाल वेळेवर कोर्टात यायला हवा, आणि तो आणण्यासाठी कुणीतरी हेलपाटे घालायला हवेत. आणखी एक विचित्र पेच आहे: ही सवलत 'व्यसनी' माणसाला आहे. कुणाच्या तरी पार्टीत पहिल्यांदाच ओढलेला पोरगा व्यसनी नाही, म्हणून उपचाराचं दार त्याला लागू पडत नाही. सगळ्यात कमी बिघडलेल्याला सगळ्यात कमी वाटा. 2021 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं, वैयक्तिक वापरासाठीची थोडी मात्रा गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढावी, अशी सूचना केल्याच्या बातम्या आल्या होत्या. कायदा मात्र अजून आहे तिथंच आहे.

व्यसनाला आजार का म्हणायचं? त्यानं स्वतःच तर सुरू केलं

सुरुवात त्यानं केली, हे खरं. पण सुरू करणं आणि चालू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे सोलापूरकराला समजावायला नळाच्या पाण्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर आपण वाढलो. गल्लीत एकानं नळाला डायरेक्ट मोटार लावली की काय होतं? त्याची टाकी भराभर भरते, बाकीच्यांच्या नळाला नुसती हवा. मेंदूत आनंदाचा निरोप पोचवणारं एक रसायन असतं, डोपामिन. आवडीचं जेवण, पोराचं हसू, मॅच जिंकणं, झोप, काम फत्ते होणं, अशा सगळ्या नळांना ते थोडं थोडं मिळत असतं. एमडी किंवा गर्द ही त्या लाइनवर बसवलेली मोटार. पहिले काही दिवस धो-धो. मग मेंदू एवढ्या जोराला घाबरून आपणच व्हॉल्व्ह आवळतो. आता मोटार लावली तरी पूर्वीइतकं येत नाही, आणि काढली तर एकाही नळाला थेंब नाही. आईच्या हातचं जेवण बेचव, मित्र नकोसे, झोप नाही, सगळं कोरडं. त्या अवस्थेत माणूस पुडी मजेसाठी घेत नाही, कोरड मारण्यासाठी घेतो.

गर्दवाले या सोडतानाच्या यातनांना 'टर्की' म्हणतात. अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, पोटात कळा, हाडांत वेदना. एमडीमध्ये अंगदुखीपेक्षा मनाचा अंधार जास्त: झोप लागत नाही, संशय, घबराट, कधी जीव द्यावा असे विचार.

मोटार काढली की व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, पण एका रात्रीत नाही. महिने लागतात. त्या महिन्यांत माणसाला धरून कोण बसतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

शिक्षेची भीतीच गेली तर पोरं मोकाट सुटणार नाहीत का?

हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो खोटा नाही. भीती काम करते, पण कुणावर? ज्यानं अजून हात लावलेला नाही त्याच्यावर. दहावीतल्या मुलाला 'पोलिस केस होईल' हे वाक्य थांबवू शकतं. ज्याला सकाळी उठल्यावर टर्की सुरू होते, त्याला पुढच्या महिन्यातली तारीख दिसत नाही. पुढचा अर्धा तास दिसतो.

आणि भीतीचं एक उलटं काम असतं. पोरगं घरात निपचित पडलं, ओठ निळे पडले, श्वास संथ झाला, तरी आईबाप दवाखान्यात न्यायला कचरतात, कारण 'केस होईल'. त्या दहा मिनिटांत जीव जातो. त्याच भीतीपोटी चार वर्षं व्यसन लपवलं जातं आणि उपचाराला माणूस येतो तो सगळं विकून झाल्यावर.

म्हणून शिक्षा काढा असं माझं म्हणणं नाही. कारखाना चालवणारा, माल आणणारा, शाळेच्या बाहेर उभा राहणारा, यांच्यासाठी दहा आणि वीस वर्षं आहेत, ती असू द्यात. अल्पवयीन मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, तीही असू दे. मला फक्त खिशातल्या एका पुडीचा रस्ता वेगळा हवा आहे.

दुसऱ्या देशांत हे करून बघितलं का?

पोर्तुगालनं 2001 मध्ये केलं. तिथं त्या काळी हेरॉईननं कहर केला होता आणि सुयांमधून एचआयव्ही पसरत होता. त्यांनी ठरवलं, स्वतःच्या वापरापुरता, साधारण दहा दिवसांचा साठा जवळ असेल तर तो फौजदारी गुन्हा नाही. पण सोडूनही द्यायचं नाही. पोलिस माल जप्त करतात आणि त्या माणसाला तीन जणांच्या एका समितीसमोर पाठवतात. तिथं कायद्याचा, मानसशास्त्राचा, समाजकार्याचा असे जाणकार बसतात. नुकतंच सुरू केलेलं आहे का, खोल रुतलाय का, हे विचारतात. त्याप्रमाणे समज, दंड किंवा उपचार. विक्री तिथंही गुन्हाच आहे. आपल्या घरगुती पद्धतीत सांगायचं तर, भांडण पोलिस ठाण्यात नेण्याआधी गल्लीतल्या चार शहाण्या माणसांसमोर बसवण्यासारखं, फक्त ही चार माणसं त्या विषयातली शिकलेली.

सुया टोचणाऱ्यांमधला नवा एचआयव्ही तिथं खूप खाली आला. देश नशेत बुडेल ही भीती खरी ठरली नाही. त्याच वेळी त्यांनी उपचारावर पैसा ओतला होता, हे विसरायचं नाही. पुढं मंदीत तो पैसा आटला, तेव्हा पोर्तोसारख्या शहरात रस्त्यावर ओढणारे परत दिसू लागल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा अनुभव उलटा, आणि तोही सांगितलाच पाहिजे. 2020 मध्ये मतदानानं ठरलं, 2021 पासून लागू झालं: थोडी मात्रा सापडली तर शंभर डॉलरची पावती, आणि हेल्पलाइनला फोन केला तर तीही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचाराचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला. नेमका त्याच काळात फेंटानिल नावाचं भयंकर जालीम द्रव्य तिथं पसरत होतं. लोक वैतागले आणि 2024 मध्ये राज्यानं थोडी मात्रा बाळगणं परत गुन्हा ठरवलं.

दोन्हींकडं बघून मला एवढं कळतं: पावती फाडणं म्हणजे उपचार नव्हे. तुरुंगाचं दार बंद करायच्या आधी दवाखान्याचं दार उघडून, दिवा लावून, तिथं माणूस बसवावा लागतो. आपल्याकडं 64अ चं कागदी दार आहे, आत दिवा नाही.

मालच बंद केला की झालं ना?

धाडी हव्यातच. पण नुसत्या धाडींनी काय होतं ते आपल्या शेजारी घडलंय. 2015 मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर जोरदार कारवाई झाली. क्लोरल हायड्रेट आणि झोपेच्या गोळ्यांची पावडर मिसळलेली ताडी एकदम बंद झाली आणि निजामाबादच्या भागात माणसं झटके येऊन, भ्रमात बडबडत, सरकारी दवाखान्यांत येऊन पडली. अशा ताडीच्या धाडी आपल्या पूर्व भागालाही नव्या नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते. दारू आणि झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय डॉक्टरांशिवाय एकदम तोडली तर जिवावर बेततं. 'चार दिवस खोलीत कोंडून ठेवला की सुटेल', हा सल्ला देणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आणि वेगळ्या वाटेनं जाण्याचा आपला स्वतःचा एक अनुभव आहे. मुळेगाव तांडा आणि जिल्ह्यातले इतर तांडे हातभट्टीसाठी बदनाम होते. वर्षानुवर्षं भट्ट्या फोडायच्या, रसायन ओतून द्यायचं, आठ दिवसांत परत धूर. 2021 मध्ये ग्रामीण पोलिस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. अधिकाऱ्यांनी गावं दत्तक घेतली. धाडी चालूच राहिल्या, पण जोडीला समुपदेशन, शिलाईसारखी कामं, कर्जं, दुसरा धंदा. भट्टी फोडली तर ते घर उद्या खाणार काय, हा प्रश्न पोलिसांनी स्वतःला विचारला. तो दारू गाळणाऱ्यांसाठी होता, ओढणाऱ्यांसाठी नव्हता. पण जे वर्दीतल्या माणसांना तांड्यावर सुचलं, ते शहरातल्या कट्ट्यावर का सुचू नये?

ओढणाराच विकायला लागला तर?

लागतो. पुडीचा खर्च निघावा म्हणून तो चार मित्रांना देतो आणि एक स्वतः ठेवतो. इथं सीमारेषा धूसर आहे आणि मी ती उगाच स्वच्छ करून सांगणार नाही. अशा मुलावर विक्रीचा गुन्हा लागेल आणि लागायला हवा. पण त्याचा उपचार झाला नाही, तर सुटून आल्यावर तो पुन्हा विकणारच, कारण घेण्यासाठी पैसे त्याला दुसरीकडून मिळणार नाहीत. शिक्षा आणि उपचार दोन्ही एकाच माणसाला देता येतात.

चोरी, घरच्यांना मारहाण, बेदरकार गाडी चालवणं, या गुन्ह्यांना व्यसन ही माफी नाही. बायकोनं मार का खावा? ते खटले स्वतंत्र चालतात.

उपचार करूनही परत घसरतात, मग उपयोग काय?

घसरतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात त्याला 'स्लिप' म्हणतात. क्षयरोगाचा पेशंट दोन महिन्यांनी गोळ्या सोडतो, तेव्हा आपण त्याच्यावर गुन्हा नोंदवतो का? आशाताई घरी जाते, पुन्हा गोळ्या सुरू करते. साखरेच्या पेशंटनं दिवाळीत लाडू खाल्ले म्हणून डॉक्टर त्याला हाकलत नाहीत. इथं मात्र पहिल्या घसरणीला सगळे हात झटकतात.

उपचारात होतं काय, तेही ठोस सांगते. पहिला टप्पा शरीरातून विष उतरवण्याचा. तो दिवसांचा असतो आणि डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावा. नंतरचा टप्पा महिन्यांचा: समुपदेशन, झोप बसवणं, नैराश्यावर औषध, घरच्यांनाही शिकवणं, रोजचा दिवस भरून काढणारं काम. गर्द आणि अफूच्या जातीच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. 'एका नशेच्या जागी दुसरी' असं लोक म्हणतात, पण ठरल्या मापात, डॉक्टरांच्या हातून मिळणारं औषध माणसाला टर्कीतून बाहेर काढतं आणि कामावर उभं करतं. एमडीसाठी असं खास औषध नाही, म्हणून तिथं माणसाची सोबत आणखी जास्त लागते. पुण्यातलं मुक्तांगण हे काम 1986 पासून करतंय, आणि तिथून बाहेर पडलेले जुने पेशंटच नव्यांना हात देतात.

आपल्याकडं भूक किती आणि ताट किती, याचा एक आकडा पुरे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता. दारूचं हे, जिच्याबद्दल उघड बोलता येतं.

उद्या सकाळी काय करायचं?

घरात असं कुणी असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या. तिथला केसपेपर हा सरकारी दवाखान्याचा कागद आहे, आणि कलम 64अ ला नेमका तोच लागतो. प्रत्येक कागद जपून ठेवा, तारखेसह. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416.

खासगी केंद्राची गाडी रात्री येऊन पोराला हातपाय बांधून नेणार असेल, तर नाही म्हणा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि त्यानं साखळीनं बांधायला बंदी घातली आहे. केंद्राची नोंदणी दाखवा म्हणा, डॉक्टर रोज येतात का विचारा, भेटायला देता का विचारा. चांगलं केंद्र या प्रश्नांना रागावत नाही.

गुन्हा नोंदला गेलाच, तर वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: मात्रा अल्प आहे का? 64अ चा अर्ज करता येईल का? 'कबूल करून टाका' असा सल्ला मिळाला, तर त्याची नोंद पुढं कुठं कुठं दिसेल ते विचारून मगच अंगठा द्या. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, वकील मिळतो.

त्या विडी कामगार आईच्या मुलासाठी दुसऱ्या वेळी आम्ही हाच अर्ज केला. उपचार झाले, मधे एक स्लिप झाली, तो परत दाखल झाला. प्रत्येक तारखेला ती दवाखान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणायची, पावसात भिजू नयेत म्हणून. एकदा मी पिशवी उघडली तर सगळ्यात वर त्याच्या कारखान्यातल्या हजेरीचं कार्ड होतं. ते कोर्टाला लागत नव्हतं. तिनं ते मला दाखवायला आणलं होतं.